रोजचं डोहाळजेवण

आय, तू आज असतीस तर माझ्या थोबाडीत मारली असतीस, असं काल सुईणकाकी चारचौघींत म्हणाली. मी म्हटलं, मारली असती तर मारली असती, मी काय तिचा हात धरला नसता. पण मारून झाल्यावर तिला बसवून ऐकवलं असतं. तू बसून ऐकणारी नव्हतीस, ते मला ठाऊक आहे. माझं बोलणं अर्ध्यात आलं की तू मासळीची पाटी उचलून चालायला लागायचीस. आता तुला उठून जायला जागा नाही, तेव्हा ऐक. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, त्यातलंही निम्मं वाळवणावरचे कावळे हाकण्यात गेलेलं, त्यामुळे अक्षर वाकडं येतं. तुला काय, तुला सरळही वाचता येत नव्हतं आणि वाकडंही.

काल झालं असं. खालच्या आळीत एक पोरगी बाळंत झाली. काकी तिथे होतीच, कारण तुझ्यामागे या किनाऱ्यावरच्या सगळ्या बाळंतिणी तिच्याच हातून मोकळ्या होतात. तिने नाळ कापली, पोर पुसलं, सगळं नीट केलं, आणि मग फडकं घेऊन त्या पोरीच्या छातीतला पहिला पिवळा चीक पिळून टाकायला बसली. मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, काकी, ते टाकायचं नाही, ते पोराचं आहे. काकी लाल झाली. "चाळीस वर्सं मी हेच करतंय. तुज्या आयनं मला शिकवलं, आन् आज तू मला शिकवतेस? तुजी आय असती तर थोबाड फोडलं असतं तुजं." मी मनगट सोडलं नाही. पोर छातीशी लागल्यावरच सोडलं. घरी आले तरी ते वाक्य कानातून जाईना. म्हणून धाकट्या पोराच्या दप्तरातली वही-पेन्सिल घेतली.

तुझी चूल मला अजून दिसते. पहिलटकरीण म्हणून मी तुझ्याकडे आले होते. होळीच्या आधीचे दिवस, घोळ मासा चांगला लागत होता, आणि तू शेपटाकडचे तुकडे घालून कालवण केलेलं. बाबा जेवून उठलेत, भाऊ जेवून उठलेत, तू आत भांडी हलवते आहेस. मला राहवत नाही. मी टोपात हात घालून एक तुकडा काढते, तोंडापर्यंत नेते, आणि तू मागून पळी हाणतेस. तुकडा राखेत पडतो. "पोट आवळून ऱ्हा," तू म्हणतेस. "पोर अंगानं मोठं झालं तर अडतं. मंग रडशील." मी रडले ते तेव्हाच, पण तुकड्यासाठी, आणि तुला वाटलं मी पळी लागली म्हणून रडते. तू हळद लावलीस.

तू मनात पाप ठेवून हे करत नव्हतीस. तुझ्या हातांत अडलेल्या बायका गेल्या, त्यातली एक मी दाराच्या फटीतून पाहिली होती. तिच्यानंतर तू दोन दिवस चूल पेटवली नव्हतीस. तेव्हा तुला लहान पोर म्हणजे सुटका वाटायची. पण आय, उपाशी बाईला कळा द्यायला जोर कुठून येणार, हा विचार तू केला नाहीस. होडी जड होईल म्हणून माणसं वल्ही काढून टाकत नाहीत.

माझी पोरगी झाली ती उंदराच्या पिलाएवढी. तू खूश झालीस, सुटली म्हणालीस. चीक पिळून राखेत टाकलास, आणि माझं दूध उतरेपर्यंत तिला बकरीच्या दुधात बुडवलेला बोळा चोखायला दिलास. मला दिलीस पेज आणि मीठ. घरात दोऱ्यांवर बोंबील लोंबत होते, माळ्यावर सुकटीच्या गोणी होत्या, आणि मला मासळीचा काटासुद्धा नाही, कारण बाळंतिणीच्या अंगावर मासळी चढते! मासेमाराच्या घरात जन्माला यायचं आणि बाळंतपणात मासळीचा वास घेऊन पेज प्यायची. दूध आलं ते पाण्यासारखं. पोरगीला दात यायच्या आधीच ती गेली. तू ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होतीस, नजर लागली, नजर लागली. नजर कोणाची लागणार होती आय? तिच्यात बघण्यासारखं होतं काय?

हे मी तुला तेव्हा विचारलं नाही. तुझ्यासमोर आवाज फुटत नसे. आणि खरं सांगायचं तर तुझ्याकडे बघून विचारवतही नव्हतं. तू डोक्यावर पाटी घेऊन चिंचणीहून बोईसरच्या बाजाराला चालत जायचीस, परत यायचीस, रांधायचीस, आणि सगळे उठल्यावर टोपाच्या कडा बोटाने पुसून खायचीस. तुझंही ताट कुणी कधी वाढलं नाही. तुला जे मिळालं नाही ते तू मला देणार कुठून? पण म्हणून मी ते पुढे चालवायचं का? नाही चालवणार.

सुनेला दिवस गेले तेव्हा मी हे पक्कं केलं. सून डहाणूकडची, मुळातच काडीसारखी, दिवस गेल्यावर तर नखं पांढरी पडली, जिना चढावा तशी ओटा चढायची. रात्रंदिवस ती मला माझ्यासारखी दिसायला लागली. मी मनात म्हटलं, हे पोर मी मरू देणार नाही. मग कोणाला काय वाटायचं ते वाटो. पण मनात ठरवून काय होतं, घरात जेवणाची रीत तीच. मुलगा अणूच्या कारखान्याच्या बांधकामावर दगड फोडून यायचा, धनी समुद्रावरून यायचे, आधी ते, मग पोरं, मग मी, मग ती. मी तिला आधी वाढायला गेले तर तीच उठून उभी राही. "नाय आत्या, लोक काय म्हनतील." लोक म्हणजे कोण, तर समोरच्या ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्या.

त्याच सुमाराला पालघरच्या पंचायत समितीकडून ग्रामसेविका आली. देशावरची पोरगी, साताऱ्याकडची, नऊवारीतल्या बायकांमध्ये पाचवारी नेसून फिरायची, आणि मासळीचा वास आला की नाकाला पदर न लावण्यासाठी श्वास कोंडून धरायची. ते मला आवडलं. तिने महिला मंडळ काढलं आणि दुधाच्या भुकटीचे डबे आणले, गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज एक पेला. पाणी उकळून घ्यायचं, मगच भुकटी घालायची, हे ती घसा बसेपर्यंत सांगायची. आम्ही माना डोलावून भुकटी घरी न्यायचो. आणि घरी काय व्हायचं? पहाटे समुद्रावर जाणाऱ्यांच्या चहात ती जायची. घरात दूध आहे आणि पुरुषाने कोरा चहा प्यायचा, हे कुठल्या बाईला जमणार? माझ्याही घरात तेच. मी डबा लपवला तर सुनेनेच काढून नवऱ्याला चहा करून दिला.

नारळी पौर्णिमा आली आणि कहर झाला. कोणाच्या तरी डोक्यात आलं की करंज्यांच्या सारणात ओल्या नारळाबरोबर ही भुकटी छान लागेल. एकीने केलं, दुसरीने चाखलं, आणि दोन दिवसांत सगळ्या आळीची भुकटी करंज्यांत गेली. करंज्या झाल्या मात्र झकास, खोटं का बोलू. पुरुषांनी खाल्ल्या, पाहुण्यांनी खाल्ल्या, नारळाबरोबर चार दर्यालाही वाहिल्या. सेविका आली तेव्हा तिच्याही हातावर ठेवली. तिने अर्धी खाल्ली, थांबली, माझ्याकडे बघितलं. "मावशी, हे सारण कशाचं?" मी म्हटलं, "तुझ्या भुकटीचं. आमच्या गरोदर बायकांचं दूध आम्ही समुद्राला पाजलं बघ." ती हसेल असं वाटलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मात्र माझी मलाच लाज वाटली आणि त्या लाजेचा राग झाला. माझ्या लाजेचा नेहमी रागच होतो, तुझ्यावर गेलेय.

मी मंडळात उभी राहिले आणि म्हटलं, उद्यापासून भुकटी कोणाच्या घरी जाणार नाही. जाळी शिवायच्या मांडवाखाली एक टोप चढेल, आणि जिच्या पोटात पोर आहे किंवा अंगावर आहे तिने तिथे बसून, माझ्या डोळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने प्यायचं. समोरच्या म्हातारीने लगेच सुनावलं, "सुनेनं चव्हाट्यावर तोंड हलवायचं? घरचे पुरुष उपाशी, आन् ही बसून ढोसणार?" धनी घरी म्हणाले, "आता तुमी गाव चालवा, आमी भाकऱ्या थापतो." मी म्हटलं, "थापा, पण गोल थापा." दुसऱ्या दिवशी टोप चढला, दूध उकळलं, सेविका पेले घेऊन बसली, आणि एकही बाई आली नाही. माझी सूनसुद्धा नाही. ती आतल्या खोलीत रडत बसली. म्हणाली, "आत्या, तुमी म्हनाल तर विष पिईन, पन तिथं बसून दूद नाय पिनार." ते दूध शेवटी कुत्र्यांनी प्यायलं.

आठ-दहा दिवस मी नुसती चरफडत होते. मग शेजारच्या घरी सातव्या महिन्याचं डोहाळजेवण निघालं. मी ओटी घेऊन गेले. बघते तर काय, जी पोरगी मांडवात यायला लाजेने मरत होती, ती पाटावर बसली आहे, गळ्यात फुलांची माळ, आणि बायका तिच्या तोंडात घास भरवताहेत. सगळ्यांसमोर. पुरुष दारातून बघताहेत, कोणी जेवलेलं नाही, आणि कोणाला काही वाटत नाही. समोरची तीच म्हातारी तिला म्हणते आहे, "खा गं, लाजतेस काय, पोटातलं मागतंय ते." मी तिथेच हसायला लागले. बायकांना वाटलं मला वारं आलं.

म्हणजे बघ आय, सुनेने खाणं ही लाज, पण सुनेला चारणं हे पुण्य. स्वतःच्या सुनेला वाढलं तर सासूचा मान जातो, आणि दुसरीच्या सुनेची ओटी भरली तर मान वाढतो. मग आपण वर्षभर डोहाळजेवणच का घालू नये? मी सेविकेला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, असं कुठल्याच शिबिरात शिकवलं नाही आम्हाला." मी म्हटलं, "शिबिरात सासवा असतात का?" ती म्हणाली, नसतात, तीच चूक आहे.

मग आम्ही पाळी लावली. रोज एका घरची पाळी. ज्या घरची पाळी त्या घरच्या सासूने सकाळी होड्या गेल्यावर मांडवात यायचं, पाट मांडायचे, आणि आपली सून दुसरीवर सोडून बाकीच्यांना हाताने वाढायचं. भुकटीचं दूध टोपात असायचंच, त्याशिवाय त्या घरची भाजी, भाकरी, मासळी. पहिल्या दिवशी पाळी माझी. मी बांगड्यांचं कालवण केलं. चौघी आल्या, मान खाली घालून, पण पाटावर बसल्या. दुसऱ्या दिवशी समोरच्या म्हातारीची. ती काय आणणार ते बघायला अर्धी आळी जमली. तिने माझ्यावर कडी करायची म्हणून कोलंबी आणली. तिसरीने आणलेल्या कालवणात पाणी जास्त होतं, तर संध्याकाळपर्यंत विहिरीवर तिचं नाव झालं. "तिच्या घरचं कालवन? वाटीत तोंड दिसतंय तुजं." त्यानंतर पातळ कालवण मांडवात आलं नाही. सरकारने दंड लावला असता तरी एवढं दाट झालं नसतं.

सेविका हुशार होती. तिने कुठल्याच सासूला शहाणपण शिकवलं नाही. फक्त म्हणायची, "काकू, तुमच्या पाळीला थोडा शेवग्याचा पाला टाकता? तुमच्या हातचा बरा लागेल." की झालं. वाळलेला जवळा उखळात कुटून नाचणीच्या पेजेत घालायचा, आणि दात येणाऱ्या पोरांना तो चमच्याने द्यायचा, हे तिनेच काढलं. उखळ मात्र तुझं. लग्नात तू मला दिलेलं, एवढं जड की वरातीतले लोक तुला शिव्या देत होते. त्यात मी जवळा कुटत होते तेव्हा मला वाटायचं, तू कधी हे उखळ पोरासाठी वापरलं असतंस, तर.

पालघरहून साहेब आले. पाटांवर बसलेल्या बायका आणि वाढणाऱ्या म्हाताऱ्या बघून म्हणाले, हा कुठला कार्यक्रम, योजनेत डोहाळजेवण बसत नाही. सेविका म्हणाली, "साहेब, योजनेत बसत नसेल, पण बायका बसतायत."  मग त्यांनाही एक पाट दिला. ते जेवले, दोनदा कालवण मागितलं, आणि गेले. पुढे दिवाळीच्या सुमाराला भुकटीचे डबे यायचे थांबले. धनी म्हणाले, "चला, मिटलं एकदाचं." मी म्हटलं, मिटायला काय झालं, भुकटी सरकारची होती, भूक आपली आहे. वादळात होड्या किनाऱ्यावर चढवाव्या लागल्या, ताजी मासळी नाही, तरी सुकट आहे, नाचणी आहे, पाला आहे. पाळ्या चालूच राहिल्या. सून रोज पाटावर बसली. तिच्या गालावर मांस आलं. एकदा तिने स्वतःहून आणखी भात मागितला, आणि मी पाठ फिरवून चुलीकडे बघत राहिले, नाहीतर ती पुन्हा लाजली असती.

तिला कळा सुरू झाल्या त्या सकाळी न्याहारीच्या वेळेला. सेविका पालघरला बैठकीला गेलेली. काकीला बोलावलं. आणि सांगते, ऐक नीट, अडलं नाही. पोट आवळून न राहिलेल्या बाईचं, चांगलं अंगाने भरलेलं पोर, अडलं नाही. कळा दिल्या तिने अशा की काकीच म्हणाली, "बाई हाय का वल्हवणारा गडी." मुलगी झाली. आल्याआल्या अशी रडली की ओट्यावरचे पुरुष उठून उभे राहिले.

मग काकीने फडकं मागितलं. मी म्हटलं, चीक टाकायचा नाही. सेविकेने सांगितलंय, ते पहिलं दूध औषधासारखं आहे. काकी म्हणाली, "पिवळं, चिकट, नासलेलं दूद हाय ते. तीन दिवस काडून टाकायचं, तवर गुळाचं पानी. तुजी आय वरून बघतेय हां." मी म्हटलं, "बघू दे. नीट दिसत नसेल तर खाली ये म्हनावं." काकी फडकं टाकून बाहेर जाऊन बसली. पान लावलं, चुना जोरात थापला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, "मरल ती पोर. माज्यावर आनू नका."

आणि आय, पोर छातीला लागेना. तोंडात घेई, सोडी, रडे. दुपार झाली. तिचं रडणं बारीक होत गेलं. बाहेर काकी, आत मी, आणि मध्ये ती सून माझ्याकडे बघते आहे. "आत्या, तुमाला नक्की ठावं हाय ना?" मी म्हटलं, ठावं हाय. एवढ्या जोरात म्हटलं की बाहेर काकीलाही ऐकू गेलं. पोरीला उचललं, पुन्हा लावलं, पाय चोळले, पुन्हा लावलं. उन्हं उतरली तशी कधीतरी तिने तोंड घट्ट धरलं आणि ओढायला लागली. घोट गिळल्याचा आवाज येतो ना, बारीकसा, टुक टुक, तो आला. सून हसली. मी बाहेर जाऊन काकीला म्हटलं, पान दे मला एक.

ती पोरगी आता चालते. वाळत घातलेले बोंबील ओढून पळते आणि मांजरासारखी कच्चेच चघळते. तिला सहा दात आहेत आणि सगळे माझ्या बोटावर उमटलेत. तेव्हा आय, तू चुकलीस, आणि हे मी तुला तोंडावर सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. काकी अजून मांडवात येत नाही, पण आपल्या सुनेला पाठवते. मी उद्याही लोकांच्या बाळंतिणींच्या खोल्यांत शिरणार आणि मनगटं धरणार. तुझं नाव घेऊन कोणी मला अडवायला आलं तर त्यांना सांगेन, तिची मुलगी मी आहे, तुम्ही नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, वेडी नाही मी. चुलीतही घालणार नाही. गादीखाली पडून राहील. पण काकीला कधी सांगणार नाही असं एक तुला सांगते. त्या दुपारी पोर लागत नव्हतं तेव्हा मी तांदळाच्या मडक्यामागे वाटीत गूळ भिजत घातला होता. सुनेला ठावं हाय म्हणून ओरडले त्याच्या आधी. पोर दूध प्यायला लागल्यावर वाटी बाहेर काढली, दार लावून घेतलं, आणि ते पाणी मीच प्यायले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. गोड लागलं.